मोटारींचे व ट्रॅक्टरांचे सुटे भाग: नांव, नंबर आणि माप

हल्लीं खेड्यापाड्यांतून शेतकऱ्याच्या दारांत बैलजोडीच्या जागीं ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टराच्या शेजारीं माल नेण्याची पिकअप किंवा एखादी जुनी मोटार उभी दिसते. हा काळाचा महिमा आहे व त्याबद्दल तक्रार करण्यांत अर्थ नाहीं. परंतु बैल आजारी पडला तर त्याच्या दुखण्याची थोडीबहुत परीक्षा घरच्या म्हाताऱ्या माणसास असे. यंत्र आजारी पडलें म्हणजे मात्र मालक मोडका भाग हातांत घेऊन दुकानाच्या पायरीवर उभा राहतो, आणि दुकानदार सांगेल तें नांव, सांगेल ती किंमत व सांगेल तितके दिवस हें सर्व मुकाट्यानें मान्य करतो. या परावलंबनाचें एक मोठें कारण, आमच्या मतें, असें आहे कीं, आपण यंत्राचा भाग कंपनीच्या नांवानें ओळखतों; त्याच्या नंबरानें व मापानें ओळखत नाहीं. प्रस्तुत लेखांत याच मुद्द्याचा विचार करण्याचें योजिलें आहे.

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. त्या दप्तराचा पहिला धडा असा कीं, जमिनीची ओळख तिच्या बोलण्यांतल्या नांवावर ठेवूं नये. 'आंब्याचें शेत' किंवा 'विहिरीची पट्टी' गांवोगांवीं सांपडते. मालक बदलतो, आंबा वठतो, विहीर बुजते. पण गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा कागदावर असल्या म्हणजे दहा वर्षांनीं आलेल्या परक्या माणसासही तीच जमीन बिनचूक दाखवितां येते. यंत्राच्या भागाचेंही असेंच आहे. 'अमक्या कंपनीच्या ट्रॅक्टराचें मागल्या चाकाचें बेअरिंग' हें झालें आंब्याचें शेत. त्या बेअरिंगाच्या कडेवर कोरलेला नंबर हा त्याचा गट नंबर, आणि आंतला व्यास, बाहेरचा व्यास व जाडी या त्याच्या चतुःसीमा होत.

आपणांपैकीं पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, ज्या कंपनीचें नांव ट्रॅक्टराच्या कपाळावर आहे तिनेंच त्याचा प्रत्येक खिळा घडविला असला पाहिजे. वस्तुस्थिति तशी नाहीं. बेअरिंगें एका कारखान्याचीं, रबरी सीलें दुसऱ्याचीं, पट्टे तिसऱ्याचे, टायर चवथ्याचे, अशी जुळवाजुळव होऊन यंत्र उभें राहतें. डिझेल फवारणारे पंप करण्यासाठीं बंगळूर येथें १९५१ सालीं स्थापन झालेल्या मायको कंपनीचे पंप अनेक निरनिराळ्या नांवांच्या ट्रॅक्टरांवर बसलेले आहेत. मद्रासच्या सिंप्सन कारखान्याचीं एंजिनें तर कित्येक ट्रॅक्टरांच्या पोटांत आहेत. तेव्हां दोन ट्रॅक्टरांचे रंग निराळे असले तरी आंतील कांहीं भाग सख्खे भाऊ असणें यांत नवल नाहीं.

एकाचा भाग दुसऱ्यास बसावा ही कल्पनाही आजची नव्हे. १९०८ सालीं इंग्लंडांतील ब्रुकलँड्स येथें कॅडिलॅक जातीच्या तीन मोटारी पंचांसमक्ष पार सुट्या करण्यांत आल्या. तिहींचे भाग एकत्र मिसळले. त्यांतील कांहीं काढून घेऊन त्यांच्या जागीं विक्रेत्याच्या साठ्यांतले नवे भाग घातले. आणि त्या मिश्र ढिगांतून पुन्हां तीन मोटारी उभ्या करून त्या ५०० मैल चालवून दाखविल्या. त्या काळीं बहुतेक कारखान्यांतून प्रत्येक भाग कानसीनें घासून त्या त्या मोटारीस बसता करीत, म्हणून हा प्रयोग लोकांस जादूसारखा वाटला. परंतु ती जादू नव्हती. मापाची शिस्त होती. माप सांभाळलें कीं अदलाबदल आपोआप साधते, एवढेंच त्या प्रयोगानें सिद्ध झालें.

शेतकऱ्यास याचा पुरावा परदेशांत शोधावयास नको. तो त्याच्या स्वतःच्या ट्रॅक्टराच्या पाठीशीं आहे. ट्रॅक्टर एका कंपनीचा, नांगर गांवच्या लोहाराचा व रोटाव्हेटर तिसऱ्याच कारखान्याचा, तरी तिन्ही एकमेकांस जोडले जातात. याचें कारण हॅरी फर्ग्युसन यांनीं रूढ केलेली तीन सांध्यांची जोडणी पुढें सर्व जगाचें प्रमाण झाली. तिच्या पहिल्या वर्गांत खालच्या दोन पिना २२ मिलिमीटरच्या व वरची १९ मिलिमीटरची असते. दुसऱ्या वर्गांत त्याच २८ व २५ मिलिमीटरच्या असतात. पहिल्या वर्गाचें अवजार दुसऱ्या वर्गाच्या ट्रॅक्टरास जोडतांना मध्यें बुश घालावें लागतें, हें आपला साधा ड्रायव्हरही जाणतो. मागल्या फिरत्या दांड्याचे सहा दांते व मिनिटास ५४० फेरे हेंही असेंच एक प्रमाण आहे. म्हणजे अवजारांच्या बाबतींत जी गोष्ट आपण रोज करतों, तीच सुट्या भागांच्या बाबतींत अशक्य कां मानावी?

आतां प्रत्यक्ष ओळख कशी करावी तें थोडक्यांत सांगतों. गोळ्यांच्या साध्या बेअरिंगाच्या कडेवर चार आंकडी नंबर असतो. त्यांतील शेवटच्या दोन आंकड्यांस पांचानें गुणिलें कीं आंतला व्यास मिलिमीटरांत निघतो. ६२०७ या नंबराचा व्यास सात पंचें पस्तीस. हा हिशेब ०४ पासून पुढें लागू पडतो. त्याखालीं ००, ०१, ०२ व ०३ यांचे व्यास अनुक्रमें १०, १२, १५ व १७ असे पाठच करावे लागतात. दुसरा आंकडा बेअरिंगाचें अंग दाखवितो. ६२०६ व ६३०६ या दोहोंचा आंतला व्यास ३० च आहे. परंतु पहिल्याचा बाहेरचा व्यास ६२ व जाडी १६, तर दुसऱ्याचा बाहेरचा व्यास ७२ व जाडी १९. उलट ६२०७ आणि ६३०६ यांचा बाहेरचा व्यास एकच, ७२. पण आंतला निराळा. यावरून हें उघड होतें कीं, एक माप जुळलें म्हणून भाग जुळला असें होत नाहीं. तिन्ही मापें जुळलीं पाहिजेत. नंबरापुढील अक्षरेंही टिपावींत. कांहीं अक्षरें रबरी झांकणाचीं, कांहीं पत्र्याच्या झांकणाचीं असतात, आणि 'सी ३' अशी खूण असल्यास गोळ्यांस नेहमींपेक्षां अधिक मोकळीक ठेविलेली असते. हा नंबर कोणत्याही चांगल्या कारखान्याच्या बेअरिंगावर असला तरी मापें तींच असतात.

तेलाच्या रबरी सीलावर बहुधा तीन आंकडे ओळीनें असतात: दांड्याचा व्यास, घराचा व्यास व जाडी. ३५-५२-७ असें लिहिलेलें सील मोटारीचें कीं पाण्याच्या पंपाचें हें विचारण्याचें कारण नाहीं. मात्र त्याचें रबर त्या जागेची उष्णता सोसणारें आहे कीं नाहीं व त्याच्या ओठाची दिशा कोणती हें विचारलें पाहिजे. पाचरीच्या आकाराच्या पट्ट्यावरील अक्षर त्याची रुंदी सांगतें व आंकडा आंतल्या अंगाची लांबी इंचांत सांगतो. 'ए' पट्टा १३ मिलिमीटर रुंद, 'बी' १७ मिलिमीटर. हीं अक्षरें मळणी यंत्रावर, पिठाच्या गिरणीवर व उसाच्या चरकावर सारखीच वाचावयाचीं आहेत.

एवढें ज्ञान नसल्यामुळें काय घडतें त्याचें एक उदाहरण देतों. आमच्या पाहण्यांतील एका शेतकऱ्याचा रोटाव्हेटर ऐन पेरणीच्या तोंडावर बंद पडला. विक्रेत्यानें सांगितलें कीं, भाग जिल्ह्याच्या गोदामांतून यावयाचा आहे, चार दिवस लागतील. तो बिचारा चार दिवस थांबला. पांचव्या दिवशीं कोणींतरी मोडक्या बेअरिंगावरील मळी डिझेलनें पुसली, तों नंबर स्वच्छ निघाला. आणि तेंच बेअरिंग तालुक्याच्या बाजारांत, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याच्या कपाटांत, तासाभरांत मिळालें. पण तोंपर्यंत जमिनीचा वापसा उडाला होता. कचेरीच्या कामास तारीख वाढवून मिळते. वापशास ती मिळत नाहीं. बेअरिंगाची किंमत फार तर कांहीं शेंकडे रुपये. गेलेल्या चार दिवसांची किंमत त्या शेतकऱ्यास सुगींत कळली.

येथवर वाचून कोणी असा ग्रह करून घेईल कीं, वाटेल तो भाग वाटेल तेथें ठोकून बसवावा असें आमचें म्हणणें आहे. तसें मुळींच नाहीं. उलट जो मापानें चालतो तोच 'हें चालणार नाहीं' असें वेळेवर म्हणूं शकतो; नजरेच्या अंदाजानें चालणारा मात्र फसतो. आट्यांचेंच उदाहरण घ्या. जुन्या घडणीच्या ट्रॅक्टरांत इंचाचे बोल्ट असतात व नव्यांत मिलिमीटरचे. अडीच सुताचा बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा, म्हणजे डोळ्यांस आठाच्या बोल्टासारखाच दिसतो. परंतु त्यास इंचांत १८ आटे असले तर आट्याची चाल १.४१ मिलिमीटर पडते, आणि साध्या आठाच्या बोल्टाची चाल १.२५ आहे. नट दोन-तीन फेरे सुखानें जातो, मग अडतो. मिस्त्री पान्यास नळी लावून जोर करतो आणि आटे मरतात. चाकाच्या १२ मिलिमीटरच्या बोल्टांतही १.२५ व १.५ अशा दोन चाली आहेत. तेथें असा जोर केल्यास केवळ आटे जाऊन भागत नाहीं. रस्त्यावर चाक निखळण्याचा प्रसंग येतो.

माप सारखें असून ताकद निराळी असणें हा दुसरा धोका. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आंकडे असतात. ते त्याच्या पोलादाची प्रत दाखवितात. उलट रोटाव्हेटरच्या फिरत्या दांड्यावर कित्येकदां एक बोल्ट मुद्दाम कच्चा ठेविलेला असतो, हेतु हा कीं दगड लागल्यास तो तुटावा व दंतचक्रें वांचावींत. तो वारंवार तुटतो म्हणून त्याजागीं पक्का बोल्ट घालणारा मनुष्य चार रुपयांच्या बोल्टास वांचवून सबंध दंतपेटी गमावतो.

मोटारींच्या बाबतींत एक उदाहरण विशेष बोधप्रद आहे. फियाटच्या घराण्यांतील १२४८ घनसेंटिमीटरचें डिझेल एंजिन आपल्या देशांत मारुतीच्या स्विफ्टमध्यें, टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्यें व खुद्द फियाटच्या पुंटोमध्यें बसविलें जात असे. पुणें जिल्ह्यांतील रांजणगांव येथेंही तें तयार होई. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम लागू झाले तेव्हां मारुतीनें हें एंजिन बंद केलें; परंतु तें घातलेल्या मोटारी अजूनही खेड्यांतून फिरतात व जुन्या बाजारांत हातोहात खपतात. तीन निरनिराळ्या नांवांच्या या मोटारींचें हृदय एक आहे, म्हणून एकीच्या एंजिनाचा भाग दुसरीसाठीं शोधणें वाजवी आहे. तथापि एंजिन ज्या आधारांवर बसतें ते आधार, नळ्यांचीं वळणें, तारांची जोडणी व डिझेलचें नियमन करणारी विजेची पेटी हीं प्रत्येक मोटारीचीं आपआपलीं आहेत. शिवाय त्याच एंजिनाचे कमी ताकदीचे व अधिक ताकदीचे असे दोन प्रकार निघाले, आणि त्यांचा टर्बो निराळा आहे. तात्पर्य, 'एंजिन तेंच' एवढ्या वाक्यावर पैसे मोजूं नयेत. नंबर व जोडणीचीं मापें ताडून पाहावींत.

ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे आणि चाकाचे बोल्ट यांच्या बाबतींत तर आमचें मत कडक आहे. जेथें भाग चुकल्यास यंत्र केवळ उभें राहील तेथें पर्याय शोधावा. जेथें भाग चुकल्यास मनुष्य जाईल तेथें कारखान्यानें त्या वाहनासाठीं नेमलेलाच भाग घालावा. हा भेद प्रत्येकानें मनाशीं पक्का करून ठेवावा.

दुकानदारांचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. ते म्हणतात, बाहेरचा माल म्हणजे नकली माल. यांत अर्धें सत्य आहे. बाजारांत नकली माल आहे, आणि तो दुसऱ्याच्या नांवाचा डबा चोरून विकला जातो. तो घेणें म्हणजे आपल्या हातानें आपलें नुकसान करणें. परंतु बेअरिंगाचा कारखाना स्वतःच्या नांवानें, स्वतःच्या डब्यांत, पावतीसह जो माल विकतो, तो नकली नव्हे; पुष्कळदां ट्रॅक्टर कंपनीच्या डब्यांत येणारें बेअरिंग त्याच कारखान्याचें असतें. नकली व पर्यायी यांत भेद न करणें हें विक्रेत्याच्या सोयीचें आहे, गिऱ्हाइकाच्या नाहीं. मात्र वाहन हमीच्या मुदतींत असेल तर बाहेरचा भाग घालण्यापूर्वीं हमीपत्राच्या अटी वाचाव्या, हें सांगणें आमचें कर्तव्य आहे.

हा प्रश्न केवळ खेड्यांतल्या कुरबुरीचा नाहीं. सुटे भाग व दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजवाल्यांस खुली करीत नाहींत, या कारणास्तव भारतीय स्पर्धा आयोगानें ऑगस्ट २०१४ मध्यें १४ मोटार कंपन्यांस सुमारें २,५४४ कोटि रुपयांचा दंड ठोठावला होता. पुढें त्यावर अपिलें झालीं. २०२२ सालीं केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली, आणि ज्या चार क्षेत्रांस तिनें अग्रक्रम दिला त्यांत शेतीचीं यंत्रें व मोटारवाहनें हीं दोन्ही आहेत. याचा अर्थ शेतकऱ्याची अडचण सरकारदरबारीं पोंचली आहे. परंतु हक्क मिळाला तरी तो वापरण्याचें ज्ञान सरकार घरपोंच आणून देणार नाहीं. सातबारा हातांत असूनही जो तो वाचीत नाहीं, त्याची जमीन शेजारी नांगरतो, हें आम्हीं दप्तरांत पुष्कळ वेळां पाहिलें आहे.

म्हणून आमची संस्थेस एक सूचना आहे. संस्थेच्या कचेरींत सुट्या भागांची एक नोंदवही ठेवावी. तिच्यांत वाहनाचें नांव, साल, चॅसिस नंबर, भागाची जागा, भागावरील खूण, मोजलेलीं मापें, त्याऐवजीं घातलेला भाग, तो किती तास किंवा किती किलोमीटर चालला व निकाल काय, इतके रकाने असावेत. निकालाच्या रकान्यांत 'बसला नाहीं' ही नोंदही तितक्याच आस्थेनें करावी; कारण एकाचा फसलेला प्रयत्न लिहून ठेविला तर दहांचे पैसे वांचतात. मोटारीच्या चॅसिस नंबरांत एकंदर १७ अक्षरें व आंकडे असतात. त्यांत इंग्रजी आय, ओ व क्यू हीं अक्षरें मुळींच वापरीत नाहींत, कारण एक व शून्य यांशीं त्यांचा घोटाळा होतो. तेव्हां उतारा करतांना तीं दिसलीं तर तो उतारा चुकला असें समजावें. कारखाने भागाचा जुना नंबर रद्द करून नवा देतात, तेव्हां जुना न खोडतां, फेरफार नोंदवावा त्याप्रमाणें, त्यापुढें नवा नंबर तारखेसह लिहावा.

या कामास मोठें भांडवल नको. एक व्हर्निअर, आट्यांची चाल मोजण्याची एक फणी, एक बहिर्गोल भिंग आणि सुवाच्य अक्षराचा एक तरुण एवढें पुरे. सभासदांनीं एकच नियम पाळावा: मोडका भाग पुसून, मोजून, नोंद केल्यावांचून भंगारांत टाकूं नये. मृग लागण्यापूर्वीं, वैशाखांतल्या रिकाम्या दिवसांत, प्रत्येकानें आपल्या ट्रॅक्टराच्या व अवजारांच्या झिजणाऱ्या भागांचे नंबर उतरवून आणले, तर पहिल्याच वर्षीं वहीचीं पुष्कळ पानें भरतील. ट्रॅक्टर कंपन्यांकडेही संस्थेनें लेखी मागणी करावी कीं, वाहनाबरोबर मिळणाऱ्या पुस्तकांत बेअरिंग, सील, पट्टे व बोल्ट यांचे प्रमाण नंबर आणि मापें मराठींत छापावींत. एकट्या शेतकऱ्याच्या पत्रास उत्तर येणार नाहीं. संस्थेच्या शिक्क्यास कदाचित् येईल.

कागदपत्रें नीट ठेवणारा मनुष्य भांडखोर असतो असा एक लोकापवाद आहे. आमचा अनुभव उलट आहे: ज्याचीं कागदपत्रें नीट आहेत त्यास भांडावेंच लागत नाहीं. यंत्राचा मालक भागाचा नंबर व माप चिठ्ठीवर लिहून दुकानांत गेला, तर दुकानदारही त्याच्याशीं निराळ्या रीतीनें बोलतो. वाचक बंधुभगिनींनीं या सूचनेचा विचार करावा, आणि पुढील मासिक सभेंत नोंदवहीचा प्रश्न चर्चेस घ्यावा, अशी आमची विनंति आहे.